पावसाळी शनिवार-रविवार आणि घरात अडकलेलं पोर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमची चिऊ साडेचार वर्षांची आहे, आम्ही पुण्यात सिंहगड रोडला तिसऱ्या मजल्यावर राहतो, दोघंही नोकरीवाले, म्हणजे शनिवार-रविवार हेच काय ते आमचे दिवस आणि जून ते सप्टेंबर नेमके तेच ओले. सोसायटीच्या ग्रुपवर, ऑफिसात, पाळणाघराच्या दाराशी तेच तेच प्रश्न इतक्यांदा येतात की म्हटलं एकदा सगळं लिहूनच टाकू.

सकाळी सातला उठते आणि सव्वासातला विचारते, आता काय करू? अख्खा दिवस कसा काढायचा?

अख्खा दिवस आपण काढायचाच नाही. पहिल्या पावसाळ्यात मी फळ्यावर टाइमटेबल लिहिलं होतं, नऊ ते दहा चित्रकला, दहा ते अकरा ब्लॉक्स वगैरे, आणि सव्वानवाला तिचा चित्रकलेतला जीव उडाला, खडू सोफ्यावर, आणि मी बाथरूममधे जाऊन दोन मिनिटं उगाच नळ सोडून उभी राहिले. आता दिवसाला दोनच गोष्टी ठरवते, एक घरातली, एक बाहेरची. बाकी वेळ ती आमच्या मागे मागे कामं करत फिरते आणि खरं सांगायचं तर तिला त्यातच जास्त मजा येते.

बाहेरची गोष्ट मात्र घड्याळ बघून ठरवू नका, उघडीप बघून ठरवा. पुण्याचा पाऊस मुंबईसारखा नाही, रोज काही धो धो कोसळत नाही, तो बहुतेक दिवस नुसती रिपरिप करतो आणि मधेच वीस-पंचवीस मिनिटं गप्प बसतो. ती उघडीप पकडायची. त्यासाठी रेनकोट, गमबूट आणि एक जुना टॉवेल दाराशीच खुंटीला हवेत, कारण शोधाशोध होईपर्यंत परत सुरू होतं. मी गॅस बंद करून अर्धी पोळी तव्यावर सोडून खाली पळालेली आहे, एकदा नाही, बऱ्याचदा.

पावसात भिजू द्यायचं का? सासूबाई म्हणतात सर्दी होईल.

आमच्याकडेही हेच. सर्दी व्हायरसने होते, पावसाच्या पाण्याने होत नाही, हे मी आईंना तीन पावसाळे सांगतेय. पण ओल्या कपड्यात कुडकुडत बसू देऊ नये हे त्यांचं म्हणणं बरोबरच आहे, तेव्हा आमचा तह असा झालाय की भिजायचं, पण वर आल्या आल्या कोमट पाण्याची अंघोळ, डोकं खसाखसा कोरडं आणि हातात गरम काहीतरी. गवती चहा घालून उकळलेलं दूध चालतं. खोकला-ताप असेल तर अर्थातच नाही. आणि विजा चमकत असतील तर खाली उतरायचंच नाही, झाडाखाली तर अजिबात नाही. विजांचा दंगा जास्त करून जूनच्या सुरुवातीला आणि परतीच्या पावसात असतो, जुलै-ऑगस्टची रिपरिप तशी गरीब असते.

डबक्यात उड्या मारायला देता का?

सोसायटीच्या आतल्या डबक्यात हो, रस्त्यावरच्या डबक्यात नाही. रस्त्यावर खाली काय आहे दिसत नाही, चेंबरचं झाकण उघडं असू शकतं, शिवाय तुंबलेल्या पाण्यात उंदराचं मूत मिसळलेलं असलं तर लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस या तापाची) भीती असते आणि त्याचे जंतू पायावरच्या जखमेतून शिरतात. पायाला खरचटलेलं असेल त्या दिवशी आतल्या डबक्यातही नाही.

यातूनच आमचा रविवार सकाळचा एक खेळ निघाला. डेंग्यूचा डास स्वच्छ साचलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत त्या अंड्याचा उडणारा डास होतो, म्हणून आठवड्यातून एकदा सगळं साचलेलं पाणी ओतायचं असतं. हे काम चिऊकडे आहे. कुंड्यांखालच्या ताटल्या, गॅलरीतली बादली, वर ठेवलेले डबे, सगळीकडे ती शिट्टी घेऊन फिरते, पाणी दिसलं की शिट्टी वाजवते आणि उलटं करते. अर्धा तास जातो. अर्धं पाणी अंगावर जातं, जाऊदे.

किचनमधे घेतलं तर काम दुप्पट होतं. हातात काय द्यायचं?

दुप्पट होतंच, पण तुमचं काम आणि तिचा खेळ एकाच वेळी उरकतात हा हिशोब धरा.

माझं एक नंबरचं काम म्हणजे वाल सोलणं. पावसाळी गारव्यात मोड उशिरा येतात म्हणून मी बुधवारी रात्रीच भिजत घालते, गुरुवारी फडक्यात बांधून डब्यात, शनिवारी सकाळी छान मोड असतात. मग कोमट पाण्यात टाकायचे, सालं सैल होतात, दोन बोटांत दाबलं की दाणा बुळकन बाहेर उडतो. अर्धे पातेल्यात, अर्धे फ्रिजखाली. पाऊण तास, कधी तासभर सुद्धा, आणि वर डाळिंब्यांची उसळ "मी केली" म्हणून खाल्ली जाते, एरवी ताटात बाजूला सारते.

मक्याचे दाणे काढायला द्या. पहिली एक ओळ सुरीने आपण काढून द्यायची, मग बाजूचे दाणे लहान अंगठ्यानेही पटापट सुटतात. शेंगा फोडायला देता येतात पण चार वर्षांखालच्या मुलाला शेंगदाणे तोंडात टाकू देऊ नका, घशात अडकतात, आणि ते टाकणारच त्यामुळे त्या वयाला शेंगा नकोतच.

आषाढातली दिव्याची अवस आली की गुळाच्या पाण्यात घट्ट कणीक भिजवून दिवे करायला बसवायचं. आई सुबक दिवे करतात, चिऊचे दिवे म्हणजे कधी बशी कधी बेडूक, सगळे एकाच चाळणीत वाफवायचे आणि तूप घालून खायचे. त्याच दिवशी घरातले पितळी दिवे चिंचेने घासायचं कामही मुलांना द्या, काळं पितळ पिवळं होताना बघून आमची चिऊ पंधरा मिनिटं गप्प होती, हा रेकॉर्ड आहे.

खेळायची कणीक करायची असेल तर दोन वाट्या मैदा, एक वाटी मीठ, चमचाभर तेल आणि लागेल तसं पाणी. हळदीने पिवळी, बीटाच्या रसाने गुलाबी. पण नेटवरच्या रेसिपीत एक गोष्ट नसते ती म्हणजे आपल्या पावसाळ्यात मीठ हवेतला ओलावा ओढून घेतं, रात्रभर बाहेर राहिली की सकाळी चिकचिक लगदा होतो. घट्ट डब्यात, फ्रिजमधे. केलेले प्राणी वाळवून ठेवायच्या भानगडीत ऑक्टोबरपर्यंत पडू नका.

घरात नाचते, उड्या मारते, आणि खालचे काका वर येतात.

आमच्याही येतात. पण मुलांनी हलायला हवंच, जागतिक आरोग्य संघटनेच्या 2019 च्या सूचनांप्रमाणे तीन-चार वर्षांच्या मुलाने दिवसभरात मिळून 180 मिनिटं हालचाल करायला हवी आणि त्यातली 60 मिनिटं तरी चांगली दमछाक होणारी. घरात एवढं होत नाही, पार्किंग वापरा. पुण्यातल्या बहुतेक सोसायट्यांना खाली पार्किंग असतं, वर स्लॅब असतो, तिथे सायकल, पकडापकडी, खडूने लंगडी, सगळं कोरड्यात होतं. एक मोठं माणूस मात्र गेटच्या बाजूला उभं हवं, गाडी आत येताना ड्रायव्हरला खाली बसलेलं पोर दिसत नाही.

वरती असाल तर "शिवाजी म्हणतो" खेळा, उड्यांच्या ऐवजी "शिवाजी म्हणतो मांजरासारखं चाला" असं सांगितलं की आवाज होत नाही. जिना पण चांगला, आम्ही तिसऱ्या मजल्यापर्यंत पायऱ्या मोजत तीनदा चढतो-उतरतो, ती दमत नाही, मी दमते. आणि दुपारी दोन ते चार गादीवरच्या उड्या बंद, कारण काकांचंही वय झालंय आणि पुढे आपल्यालाही खालच्या मजल्यावर कुणी नाचलेलं... म्हणजे वरच्या मजल्यावर कुणी नाचलेलं आवडणार नाहीये.

होड्या लगेच बुडतात.

वर्तमानपत्राच्या करू नका, तो कागद लगेच पाणी पितो. जुन्या कॅलेंडरचं किंवा मासिकाचं गुळगुळीत पान घ्या, नाहीतर साध्या कागदाला मेणाचा खडू दोन्हीकडून दाबून फासा, मेण पाणी आत येऊ देत नाही. साधी होडी जमली की नांगरहोडी शिका, ती मला येत नव्हती, बाबांकडून व्हिडिओ कॉलवर शिकले, चाळीस मिनिटं लागली आणि तेवढा वेळ पोरगी आजोबांच्या हाताकडे बघत बसली होती.

पाच-सहा वर्षांच्या मुलासाठी थोडं डोकं लागेल असं काहीतरी सांगा.

पाऊस मोजा. हे माझं सगळ्यात आवडतं आहे त्यामुळे जरा लांबण लावते.

सरळ भिंतीची एक लिटरची बाटली घ्या, कंबर आत गेलेली नको. खांद्याखाली कापा, वरचा तुकडा उलटा करून नरसाळ्यासारखा त्यातच बसवा. बाटलीचा तळ वाकडातिकडा असतो म्हणून तळाशी खडे टाकून भिंत सरळ होते तिथपर्यंत पाणी भरा आणि तिथे शून्याची खूण करा, तिथून वर पट्टी चिकटवा. गच्चीवर मोकळ्या जागेत, झाडापासून आणि पत्र्यापासून लांब, दोन विटांच्या मधे ठेवा म्हणजे वाऱ्याने पडत नाही. हवामान खातं 24 तासांचा पाऊस सकाळी साडेआठला मोजतं, आपणही साडेआठलाच बघायचं, आकडा भिंतीवरच्या कॅलेंडरमधे दुधाच्या हिशोबाशेजारी लिहायचा आणि पाणी परत शून्यापर्यंत आणायचं. पाणी 10 मिलीमीटर चढलं म्हणजे आपल्या गच्चीच्या प्रत्येक चौरस मीटरवर 10 लिटर पडलं. हे चिऊला कळत नाही, पण दहा बाटल्या दाखवल्यावर "एवढं?" म्हणाली.

मग मजा सुरू होते. 24 तासांत 64.5 मिलीमीटरच्या वर गेला की हवामान खातं त्याला जोरदार पाऊस म्हणतं, आता आमच्या घरी रोज सकाळी "जोरदार आहे का?" विचारलं जातं आणि बहुतेक वेळा उत्तर चार नाहीतर सहा असतं. भिजून चिंब झालो होतो तरी सहाच! शिवाजीनगरला सिमला ऑफिस आहे ना, ते हवामान खात्याचंच, 1928 साली खात्याचं मुख्यालय सिमल्याहून पुण्याला आलं म्हणून ते नाव पडलं. बसने जाताना दाखवलं तर चिऊने त्याचं "पावसाचं ऑफिस" करून टाकलं आणि तिथल्या लोकांना शनिवारी सुट्टी असते का हे मला दोनदा विचारून झालंय, कारण मग पाऊस पण बंद असायला हवा.

दिवसभर पडणारच असेल तर कुठे घेऊन जायचं?

बाजीराव रस्त्याजवळचं राजा दिनकर केळकर संग्रहालय. लोक म्हणतात लहान मुलांना काय कळणार, पण तिथे कळायचं काही नाही, शोधायचं आहे. दिनकर केळकरांनी आयुष्यभर गोळा केलेल्या वीस हजारांवर वस्तू, आणि "राजा" हे नाव लहानपणीच गेलेल्या त्यांच्या मुलाचं. सगळ्या वस्तू मांडलेल्या नसतात, मांडलेल्याही भरपूर आहेत. एका फेरीत एकच काम द्या: मोर शोध. दिव्यांवर, अडकित्त्यांवर, डब्यांवर मोरच मोर. पुढच्या वेळी हत्ती. आम्ही पाटी एकही वाचत नाही आणि तासाभरात बाहेर पडतो, त्याच्या पुढे ताणलं की रडारड.

कोथरूडचं जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय, 1998 पासून आहे, आगगाडीवेड्या पोराला याहून चांगली जागा पुण्यात नाही. टेबलावरचं अख्खं गाव, गाड्या, सिग्नल, आणि दिवे मालवून रात्र करतात तेव्हा पोरं श्वास रोखून बघतात. शो ठरलेल्या वेळी असतो, आधी फोन करून जा, आणि "हात लावायचा नाही" हे घरूनच सांगून न्या.

मेट्रो हा आमचा हुकमी एक्का आहे. कुठे जायचं नसतं, नुसती मेट्रो. स्वारगेटला जमिनीखाली शिरायचं, सिव्हिल कोर्टला उतरून सरकत्या जिन्यांनी वर वर वर यायचं, वनाजची गाडी पकडायची आणि आता तीच मेट्रो पुलावरून नदीच्या कडेकडेने जाते, खाली मुठा गढूळ फुगलेली. डेक्कन आणि संभाजी उद्यानची स्टेशनं पगडीच्या आकाराची आहेत ती कोण आधी बघतं याची शर्यत लावायची. डेक्कनला उतरून इडली, आणि परत. गाडीत खाता येत नाही त्यामुळे भूक लागायच्या आत उतरा. खिडकीची जागा मिळावी म्हणून आम्ही सकाळी लवकर जातो.

कात्रजचं प्राणीसंग्रहालय बुधवारी बंद असतं, म्हणजे आपल्याला अडचण नाही, पण संततधार असेल तर जाऊ नका, चालायचं खूप आणि वाघ आडोशाला. रिमझिम असेल तर मात्र जा.

मॉलमधला प्ले झोन?

एकदा गेलो. दोन तास रांग, एक तास खेळ, मोजे विकत घ्यायला लावले, आणि रात्री ताप. तुमचं नशीब चांगलं असेल.

खडकवासला, सिंहगड, धबधबे?

लहान मुलाला घेऊन पावसाळी रविवारी नको. खडकवासल्याच्या चौपाटीवर कणीस खायला म्हणून निघतो आपण आणि गाडीतच तीन तास जातात, पोर मागच्या सीटवर "शू आली" म्हणतं, थांबायला जागा नाही. घाटात दरड पडते, धबधब्याखालचा दगड शेवाळाने गुळगुळीत असतो. तुम्हाला जायचंच असेल तर आठवड्यातला एखादा दिवस रजा टाका.

पाणीच बघायचं असेल तर गावातच बघा. खडकवासला धरणातून जास्त पाणी सोडलं की भिडे पूल पाण्याखाली जातो, ते वरच्या पुलावरून, कठड्यापासून लांब आणि हात घट्ट धरून दाखवा. पाच मिनिटं. घरी येऊन आजोबांना पानशेतची गोष्ट सांगायला लावा. 12 जुलै 1961 ला पानशेतचं धरण फुटलं आणि पुण्याच्या पेठांमधे पाणी घुसलं, आमचे सासरे तेव्हा नऊ वर्षांचे होते. त्यांच्या गोष्टीत प्रत्येक वेळी पाणी एक पायरी वर चढलेलं असतं, चिऊ बरोबर पकडते आणि "मागच्या वेळी सातवी पायरी होती" म्हणून भांडते.

आणि टेकडी?

टेकडी हो! तळजाई, हनुमान टेकडी, वेताळ टेकडी, उघडीप मिळाली की जवळची पकडा. जूनच्या पहिल्या सरींनंतर मृगाचा किडा दिसतो, लाल मखमलीचा बटण असल्यासारखा, तो पानावर घेऊन बघायचा आणि तिथेच सोडायचा, खिशात आणायचा नाही. गोगलगाई, गांडुळं, भारद्वाज, मोराचा आवाज. वेताळ टेकडीवर जुन्या खाणीत पाणी साचतं, त्या कडेला लहान मुलांना अजिबात नेऊ नका. आणि उतरताना पोराला पुढे न सोडता स्वतः एक पायरी खाली राहा, घसरलं तर आपल्यावर येतं.

मोबाइल दिला तर चालतो का हो?

चालतो, मी पण देते. दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला जास्तीत जास्त एक तास आणि त्याहून कमी असेल तर उत्तम, एक वर्षाच्या मुलाला नाहीच, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या त्याच 2019 च्या सूचनांमधे आहे. आमचा तास मी दुपारसाठी राखून ठेवते, सकाळी दिला की दिवसभर तेवढीच एक मागणी. आणि एखाद्या रविवारी दीड तास झाला तर मी कुणाला सांगत नाही.

गणपती आधी शाडूची माती आणावी का?

आणा, दोन किलो पुरते. पण दोन गोष्टी. मूर्ती जाड केली तर पावसाळी हवेत आतून ओली राहते आणि वरून वाळून तडकते, तेव्हा हातभर मोठा गणपती न करता मुठीएवढा करा, सावलीत वाळू द्या, पंख्याखाली घाई नको, आठवडा तरी धरून चाला. दुसरं म्हणजे मातीचे हात बेसिनमधे धुवू देऊ नका. आमचं बेसिन तुंबलं तेव्हा प्लंबरने जे पैसे घेतले त्यात तयार मूर्ती आली असती. बादलीत धुवायचे, गाळ खाली बसला की वरचं पाणी ओतायचं, गाळ परत वापरायचा.

लाइट गेली की घाबरते.

बॅटरी आणि भिंत. ससा, हरीण, कुत्रा, आणि तुमच्या हाताला काहीच येत नसेल तर चाळणीतून उजेड पाडा, छतावर चांदण्या येतात. आमच्याकडे आता लाइट आल्यावर रडतात.

दोन मुलं आहेत, एक दोन वर्षांचं, एक सहाचं, भांडतात.

मोठ्याला धाकट्याच्या हाताला न लागेल असं उंच टेबल द्या. मोठ्याच्या हातात अरविंद गुप्तांची टाकाऊतली खेळणी द्या, फुकटात नेटवर आहेत, काड्यापेटीच्या काड्या आणि सायकलच्या दुकानातली व्हॉल्व ट्यूब यांचे सांधे करून घरं-पूल होतात. गुल आधी मोठ्यांनी काढून टाकायचा. धाकट्याला खालच्या कप्प्यातले डबे आणि झाकणं, कान तेवढे बंद ठेवा.

आमच्याकडे पाऊस हिवाळ्यात असतो, त्याचं काय?

हा प्रश्न माझ्या मँचेस्टरच्या बहिणीचा. तिकडे डिसेंबरमधे चारच्या आत अंधार पडतो आणि पाऊस गार, आपल्यासारखं भिजून ये म्हणता येत नाही. तिला मी एवढंच सांगितलं की बाहेरची गोष्ट सकाळीच उरकून घे, अंधार पडला की कणीक आणि सावल्या. आपल्याकडेही नोव्हेंबर-डिसेंबरात कधी अवकाळी येतो, तेव्हा भिजायचं नाही, टोपडं घालून मेट्रो.

बूट वाळत नाहीत, सोमवारी शाळा आहे.

आतलं पॅड बाहेर काढा, वर्तमानपत्राचे बोळे कोंबून भरा आणि दर दोन तासांनी बोळे बदला, बदलायचं काम मुलाला द्या. रात्री फ्रिजच्या मागे उभे करून ठेवा, तिथे ऊब असते. गमबुटांना पण तेच. आणि बोळे काढताना आत बघा, आमच्या बुटात एकदा गोगलगाय निघाली होती, मुद्दाम आणून ठेवलेली.